सेन नदीकाठी विकत घेतलेला हा छापील माणूस कोण? (आणि याला कला म्हणायचं का?)

खिडकीतली_कुंडी

मंडळी, मदत हवीये. मागच्या महिन्यात आई आली होती (मी स्टुटगार्टजवळ असते), म्हणून चार दिवस पॅरिसला गेलो. सेन नदीच्या कठड्यावर जुन्या पुस्तकांच्या हिरव्या पेट्या असतात ना, तिथे एका आजोबांकडे खोक्यात सुटे कागद होते. नकाशे, फुलंपानं, कसल्याकसल्या इमारती, आणि त्यात हा. गोल चौकटीत एका माणसाचा बाजूने दिसणारा चेहरा, गोल साधारण साडेपाच सेंटीमीटरचा. केस मागे फितीत बांधलेले, गळ्याशी पांढरा रुमाल, नाक धारदार आणि हनुवटीखाली सुखवस्तू चरबी. पंचवीस युरो म्हणाले, वीसला दिला. आई अजून रुपयांत हिशोब करते, त्यामुळे रात्री जेवताना त्याचा विषय निघालाच.

खाली मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी आहे. भिंग लावून उतरवलं ते असं: "देस. पा. फुके, ग्र. पा. क्रेत्यँ, अँव. द्यु फिजिओनोत्रास, क्लोआत्र सँत ओनोरे, पारी." म्हणजे गृहस्थांचं नाव फुके असावं असा माझा अंदाज.

तर प्रश्न दोन. एक, हे फुके कोण? दोन, नवरा म्हणतो छापील आहे म्हणजे तेव्हाची झेरॉक्स, याला फ्रेम कसली करतेस. त्यात मला नेटवर दिसलं की हे यंत्र वापरून काढायचे, त्यामुळे मीही जरा डळमळलेय. तुम्हाला काय वाटतं?

वऱ्हाडी_ठेचा

फुके आमच्या इकडले हो. नागपूर साइडले चिक्कार भेटतील. पॅरिसले कवा गेले ते मात्र माहीत नाही.

शंकासुर

वीस युरो मोजलेत म्हणजे फुके काही फुकट नाहीत. हलके घ्या.

बाकी नवऱ्याशी सहमत. कुणीतरी काढलेल्या चित्राची दुसऱ्या कुणीतरी केलेली कॉपी, तीही यंत्राने. जुनं आहे म्हणून किंमत, त्यापलीकडे काही नाही.

ल्योंकर

कुंडीताई, वाईट बातमी आहे. 'देस. पा.' म्हणजे 'यांनी रेखाटलं' आणि 'ग्र. पा.' म्हणजे 'यांनी कोरलं'. म्हणजे फुके हा चित्र काढणारा, क्रेत्यँ कोरणारा आणि 'अँव.' म्हणजे त्या फिजिओनोत्रास यंत्राचा शोध लावणाराही तोच. शेवटचा दुकानाचा पत्ता. ज्याचा चेहरा आहे त्याचं नाव कुठेच नाही.

पण तारखेचा अंदाज लागतो. हा जिल-लुई क्रेत्यँ मूळचा व्हर्सायचा, जन्म १७५४, राजाच्या वाद्यवृंदात चेलो वाजवायचा. १७८०च्या दशकात त्यानं हे यंत्र बनवलं. १७८८ मध्ये केनदे नावाच्या चित्रकाराला भागीदार घेतलं आणि १७८९ मध्ये दोघांचं फाटलं. केनदेनं आपलं वेगळं दुकान थाटलं, क्रेत्यँनं फुकेला बरोबर घेतलं. त्यामुळे फुके आणि क्रेत्यँ अशी जोडी दिसली की समजायचं, १७८९ नंतरचं, म्हणजे ऐन राज्यक्रांतीतलं.

खिडकीतली_कुंडी

अरे देवा. आईनं ऑलरेडी "फुकेकाका" नाव ठेवलंय. आता तिला कोण सांगणार.

गूळपोळी

फिजिओनोत्रास!! नावातच त्रास आहे :)

पण हे चालायचं कसं? कुणी सोप्या भाषेत सांगेल का, माझं यंत्रज्ञान मिक्सरपर्यंतच.

ल्योंकर

@गूळपोळी, पँटोग्राफ पाहिलाय का? लाकडी पट्ट्यांची ती दुमडणारी चौकट, एका टोकानं चित्रावरून फिरवलं की दुसऱ्या टोकाची पेन्सिल तेच लहान किंवा मोठं काढते. तसंच काहीसं, पण माणसाएवढं उंच. गिऱ्हाईक बाजूला तोंड करून बसणार. काढणारा एका नेमातून बघत तो नेम त्याच्या कपाळावरून, नाकावरून, ओठांवरून फिरवत नेणार, आणि पट्ट्यांना जोडलेली पेन्सिल कागदावर तीच रेषा खऱ्या आकारात ओढत जाणार. मिनिटांचा खेळ. मग डोळा, कान, केस, कोटाच्या घड्या हातानं भरायच्या. हे मोठं चित्र दुसऱ्या पँटोग्राफनं तांब्याच्या छोट्या पत्र्यावर उतरवायचं, आम्लानं आणि दातेरी चाकानं कोरायचं, छापायचं. साधारण डझनभर छाप गिऱ्हाइकाला मिळायचे, नातेवाइकांत वाटायला.

शंकासुर

बघा! एक मोठा, बारा छोटे. आमच्या स्टेशनसमोरच्या फोटो स्टुडिओचं पॅकेज हेच होतं, "आठ पासपोर्टवर चार स्टॅम्प साइज फ्री". त्याला कुणी कलाकार म्हणत नव्हतं. माझा मुद्दा सिद्ध झाला, चला जेवायला.

निवृत्त_कमर्शियल

शंकासुरराव, जेवून या आणि मग वाचा.

मी कमर्शियल आर्टचा, पण कॉलेजात एक वर्ष छपाईचा वर्ग घेतला होता. त्या वेळी ब्युरिन हातात धरलं. ब्युरिन म्हणजे चौकोनी पोलादी सळई, टोक तिरकं घासलेलं, आणि मागे अर्ध्या कापलेल्या भोवऱ्यासारखी लाकडी मूठ जी तळहातात बसते. हे पेन्सिलीसारखं ओढायचं नसतं, पुढे ढकलायचं असतं. ढकललं की तांब्याची बारीक कुरळी साल निघते, शहाळं सोलताना निघावी तशी, पण केसाएवढी. वळण घ्यायचं तर हात वळवायचा नाही. पत्रा चामड्याच्या वाळूभरल्या उशीवर ठेवलेला असतो, डाव्या हातानं तो पत्राच फिरवायचा. पहिला महिना माझ्याकडून फक्त सरळ रेघा करून घेतल्या. जोर कमी तर रेघ बारीक, जोर वाढवला तर जाड, आणि एकाच दमात बारीक-जाड-बारीक जायला पाहिजे, मध्ये श्वास सोडला तर दिसतं.

मी एका म्हातारीचा चेहरा करत होतो. गालावरची शेवटची रेघ, आणि ब्युरिन घसरलं. गालातून थेट कानापर्यंत ओरखडा. सर काही बोलले नाहीत. पत्रा उलटा केला, नेमकी जागा मापून पाठीमागून बारीक हातोडीनं ठोकून तांबं वर आणलं, पुढून खरवडलं, घासून गुळगुळीत केलं आणि म्हणाले, आता परत कर. दीड इंचाच्या जागेला मला आठवडा लागला. त्या छापात तो गाल अजून जरा सुजल्यासारखा दिसतो.

आणि हे सगळं उलटं, बरं का. छापल्यावर डावं उजवं होतं, त्यामुळे कोरणारे समोर आरसा ठेवून मूळ चित्र त्यात बघायचे. सरळ कोरलं तर सरदाराची तलवार दुसऱ्या कमरेला जाते. झेरॉक्स म्हणणाऱ्यांनी एक नाकपुडी कोरून दाखवावी, मी स्वखर्चानं तांबं पाठवतो.

गूळपोळी

दंडवत घ्या __/\__ सुजलेल्या गालाचा फोटू टाका ना.

शंकासुर

जेवून आलो. वाचलं, आवडलं, पण पटलं नाही. कष्ट म्हणजे कला असेल तर आमच्या कोपऱ्यावरचा रसवंतीवाला मायकेलअँजेलो. आणि काका, तुम्ही म्हातारी स्वतः बघून केली असेल ना? हे लोक तर दुसऱ्याचं पेंटिंग समोर ठेवून करायचे.

बोरूबहाद्दर

अखेर माझ्या आवडीचा विषय निघाला. चहा ठेवा, लांबण लागेल.

शंकासुर, तुमचा प्रश्न तेव्हाच्या फ्रान्सलाही पडला होता आणि त्यांनी त्याचं उत्तर सरकारी कागदावर देऊन टाकलं होतं. १६६० मध्ये सँ-झाँ-द-ल्युझ इथून चौदाव्या लुईचा हुकूम निघाला की तांब्यावरचं कोरीवकाम ही मुक्त कला आहे, ती कुठल्या कारागीर संघाच्या बेड्यांत अडकवायची नाही. पुढे अठराव्या शतकात खोदकाम करणाऱ्याला चित्र-शिल्पांच्या रॉयल अकॅडमीत सभासद व्हायचं तर परीक्षा काय, तर अकॅडमीच्याच दोन कलावंतांची पोर्ट्रेट कोरून द्यायची, पत्रा अकॅडमीच्या मालकीचा. म्हणजे ज्यांनी मत द्यायचं त्यांच्यातल्याच कुणाचं तरी नाक तुमच्या हातात. चूक झाली तर बघा.

आता कॉपीचं. रिगो नावाचा मोठा पोर्ट्रेट चित्रकार होता, चौदाव्या लुईचं ते पाय दाखवत उभं असलेलं प्रसिद्ध चित्र त्याचंच. त्यानं बोस्युए या बिशपचं पूर्णाकृती चित्र १७०२ मध्ये केलं. बोस्युए १७०४ मध्ये वारला. आणि १७२३ मध्ये पिएर-अँबेर द्रव्हे या २६ वर्षांच्या पोरानं ते तांब्यावर घेतलं. (बाप पिएर द्रव्हेही याच धंद्यात, रिगोचा राजा त्यानंच कोरला होता.) पेंटिंगमध्ये लाल आहे, निळं आहे, सोनेरी आहे. द्रव्हेकडे काय, तर काळी शाई आणि पांढरा कागद. मी हा छाप एका प्रदर्शनात काचेला नाक लावून पाहिलाय. लेसची जाळी वेगळी, केसाळ फर वेगळी, रेशमाची चकाकी वेगळी, पायाशी पडलेल्या पुस्तकांची कातडी वेगळी, आणि हे सगळं निव्वळ रेघेच्या दिशेनं आणि जाडीनं. रेशमावर लांब सलग रेघा, फरवर तुटक आखूड, चेहऱ्यावर आल्यावर रेघ विरत विरत ठिपक्यांवर येते. तबला ऐकताना नुसत्या ठेक्यावरून राग ओळखू यावा असला प्रकार. हे कॉपी नाही हो, भाषांतर आहे, आणि भाषांतर करणाऱ्याला मूळ लेखक परवानगी देतो पण शब्द देत नाही.

कर्जत_स्लो

तबल्यावरून राग??? बोरूभाऊ, जरा आवरा.

बोरूबहाद्दर

भावना समजून घ्या. घाईत उपमा घसरली, मागून ठोकून घेतो.

ताम्रपट

अवांतर आहे पण राहवत नाही. तांब्यावर उलटं कोरून छापायचं काम आपल्याकडेही झालंय. नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात एका तांबटानं इंग्रजांकडून हे शिकून गीतेचे पत्रे कोरायला घेतले होते. नाना गेले, मग मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी ते काम पुढे नेलं आणि १८०५ मध्ये मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. सगळी देवनागरी उलटी कोरलेली. वेलांटी कुठल्या बाजूला हा घोळ त्या तांबटाचा किती झाला असेल कल्पना करा.

वऱ्हाडी_ठेचा

आम्हाले सरळ लिहितानाबी होते तो घोळ.

कर्जत_स्लो

आता मी एक गॉसिप टाकतो, कारण धागा फार सात्त्विक होतोय.

बालेशू म्हणून एक होता, मूळ आर्ल गावचा, हात इतका तयार की ब्युरिननं चमक काढावी तर यानंच. त्याला मोठं काम मिळालं, रिगोनं केलेलं पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस याचं पोर्ट्रेट कोरायचं, ड्रेस्डेनच्या राजसंग्रहाच्या ग्रंथासाठी. यानं काम उत्तम केलं आणि आरोप असा की गुपचूप जास्तीचे छाप काढून बाहेर विकले. खाली मजकूर कोरण्याआधीचे सुरुवातीचे छाप, ज्यांना शौकीन लोक जास्त पैसे मोजतात. बोंबाबोंब झाली, १७५२ मध्ये अकॅडमीनं नाव काढलं, गडी अव्हिन्यॉनला निघून गेला. तिथे बसून समुद्री वादळाचं एक चित्र असं कोरलं की त्याचंही नाव झालं.

म्हणजे पायरसी, प्रीमियम एडिशन, लीक, सगळं तेव्हाच झालेलं.

शंकासुर

हा माणूस मला आवडला.

रेवाकाठ

कुणी बायकांबद्दल बोलत नाहीये, म्हणून मी. वरच्याच छोट्या द्रव्हेनं १७३० मध्ये आद्रियेन लकुव्रर या नटीचं पोर्ट्रेट कोरलं, कोयपेलच्या चित्रावरून. ती दुःखी विधवेच्या भूमिकेत आहे, नवऱ्याच्या अस्थींचा कलश छातीशी धरून. याच वर्षी मार्चमध्ये ती वारली आणि नाटकवाली म्हणून चर्चनं तिला रीतसर दफन नाकारलं. रात्री कुठेतरी नेऊन पुरली. लेखक व्होल्तेर त्यावर भयंकर चिडला होता, कविताच लिहिली त्यानं. तर जिला थडगं मिळालं नाही तिचा चेहरा हातात कलश घेऊन शेकडो घरांत गेला. मला या छापापुढे कला की कॉपी हा वाद सुचतच नाही.

जाता जाता, मादाम द पोंपादूर (पंधराव्या लुईची प्रेयसी) स्वतः कोरीवकाम शिकली होती. हौशी, पण करत होती.

गूळपोळी

+१ रेवा. अंगावर काटा आला.

ल्योंकर

चेहरा घरोघर जाण्यावरून आठवलं. बेंजामिन फ्रँकलिन १७७६च्या शेवटी फ्रान्सला आला, अमेरिकेसाठी मदत मागायला. डोक्यावर फरची टोपी, डोळ्यांवर चश्मा, विग नाही. पॅरिसवाले वेडे झाले. कोशँनं चित्र काढलं, सँतोबँनं १७७७ मध्ये कोरलं, आणि मग त्याच्या नकला, तपकिरीच्या डब्यांवर, अंगठ्यांवर, सगळीकडे. १७७९ मध्ये मुलीला पत्रात त्यानं लिहिलंय की तुझ्या बापाचा चेहरा आता चंद्राएवढा ओळखीचा झालाय.

आणि तुमच्या फुकेकाकांच्या यंत्रासमोर जेफरसनही (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तो) बसला होता, १७८९ मध्ये, केनदेच्या दुकानात. पुढे सँ-मेमँ नावाच्या एका निर्वासित फ्रेंच उमरावानं अमेरिकेत असंच यंत्र बनवलं आणि आठशेवर चेहरे काढून पोट भरलं.

कर्जत_स्लो

आणखी एक गंमत, पोर्ट्रेट नाही पण याच मंडळींची. बोने नावाचा एक जण रंगीत छाप काढायचा, अनेक पत्रे एकावर एक छापून, खडूनं काढल्यासारखे, बाजूला सोनेरी छापील चौकट. सोनं वापरायला फ्रान्समध्ये निर्बंध होते म्हणे, तर पठ्ठ्यानं खाली इंग्रजी मजकूर टाकून माल लंडनचा असल्याचं भासवलं. थोडक्यात, मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर.

शंकासुर

हाहाहा. नाही, आता मी हळूहळू पलटतोय, पण त्याचं कारण कला नाही, या लोकांचे धंदे आहेत.

पण मूळ मुद्दा राहतोच. द्रव्हे, बालेशू वगैरे मान्य, हात पाहिजे, डोळा पाहिजे, महिनोन् महिने पाहिजेत. कुंडीताईंचा माणूस तर यंत्राचा आहे.

निवृत्त_कमर्शियल

हा प्रश्न बरोबर आहे. माझं मत सांगतो. यंत्रानं फक्त बाहेरची कड दिली, कपाळ ते गळा. ती कड आपण भिंतीवरच्या सावलीतूनही काढतो, त्यात माणूस नसतो. फुकेनं डोळ्याच्या कोपऱ्याला काय केलं, क्रेत्यँनं हनुवटीखालची ती चरबी किती ठिपक्यांत मिटवली, त्यात माणूस येतो. कुंडीताई, भिंग घ्या आणि सांगा. एक, गोलाबाहेर कागद चौकोनात किंचित दबलेला आहे का? पत्रा ओल्या कागदावर दाबला जातो, त्याची कड उठते. दोन, कोटाची सावली रेघांची आहे की ठिपक्यांची? ठिपके सगळे सारख्या अंतरावर, जाळीत बसवल्यासारखे असतील तर वर्तमानपत्री छपाई आहे आणि आजोबांनी तुम्हाला टोपी घातली.

खिडकीतली_कुंडी

दोन दिवस लागले, ऑफिसात ऑडिट होतं. आई, मी, नवरा तिघंही खिडकीशी बसून बघितलं.

एक, दबलेली कड आहे! बोट फिरवलं की कळते, खालच्या बाजूला जरा तिरकी. दोन, कोटावर ठिपके आहेत पण ओळीत चालणारे, मुंग्यांच्या रांगेसारखे, मध्येच लहानमोठे. तीन, कागद उजेडात धरला तर त्यात जवळजवळ समांतर पुसट रेषा दिसतात.

आणि नवऱ्यानं एक शोधलं. कानाच्या पाळीखाली, जिथे केस सुरू होतात, तिथे एक रेघ दोनदा ओढलीये. पहिली चुकली असावी, बाजूनं दुसरी. झेरॉक्स म्हणणारा माणूस दहा मिनिटं तेवढंच बघत होता. मी काही बोलले नाही.

निवृत्त_कमर्शियल

समांतर रेषा म्हणजे हातानं केलेला जुना कागद, साच्यातल्या तारांच्या खुणा. आजोबा प्रामाणिक निघाले. दोनदा ओढलेली रेघ फ्रेममध्ये झाकू नका.

गूळपोळी

पण मग तो कोण??? क्रांतीतला, म्हणजे गिलोटिनवर गेला असेल का?

ल्योंकर

सांगता येत नाही. याच जोडीच्या यंत्रासमोर क्रांतीतला पुढारी रोबेस्पिएर बसला होता आणि क्रांतीच्या राजकारणातली मादाम रोलांही. तिचं डोकं १७९३च्या नोव्हेंबरात गेलं, त्याचं १७९४च्या जुलैत. पण अशा नामवंतांबरोबर वकील, व्यापारी, लष्करी अधिकारी, त्यांच्या बायका अशी कितीतरी साधी माणसंही येऊन गेली. घरच्यांसाठीच बनवायचे, घरचे ओळखायचेच, म्हणून नाव घालायची गरज पडली नाही.

राजाचं उलटं. बेर्विकनं सोळाव्या लुईचं भव्य पोर्ट्रेट कोरलं, १७९०चं. एवढं नाव, एवढं राजचिन्ह, आणि पुढे राजाच राहिला नाही. क्रांतीत तो पत्रा मोडून दोन तुकडे झाला. नंतर सांधला, पण पुढच्या छापांत मोडल्याची खूण दिसते म्हणतात.

कुणी पॅरिसला गेलात तर लूव्रची शाल्कोग्राफी आहे, तेरा हजारांहून जास्त कोरलेले तांब्याचे पत्रे सांभाळलेत, अकॅडमीत परीक्षेला दिलेलेही त्यात आहेत. काहींवरून अजून हातानं छापून विकतात.

ताम्रपट

हे वाचनखुणेत साठवलं. पुढच्या वर्षी जायचंच.

शंकासुर

कुंडीताई, मत बदललं. पूर्ण नाही, ऐंशी टक्के. उरलेले वीस युरो तुमच्याकडे. फ्रेम केली की फोटो टाका.

खिडकीतली_कुंडी

फ्रेम झाली. मागे आम्लविरहित पुठ्ठा, उन्हापासून लांब, पॅसेजमध्ये लावलाय. आईला नीट बसवून सगळं सांगितलं, की हे फुके नाहीत, फुकेनं काढलंय, यांचं नाव कुणालाच माहीत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

काल पुण्याहून मावशीचा व्हिडिओ कॉल आला तर आई फोन घेऊन पॅसेजमध्ये गेली. "आणि हे आमचे फुकेकाका. पॅरिसचे."

वऱ्हाडी_ठेचा

म्या पयलेच सांगितलं होतं.